पाळण्याची आंघोळ

गौरवी देवळात गेली तरी हात जोडण्याआधी घंटेची साखळी बघते, असं तिचा नवरा प्रज्योत चारचौघांत सांगायचा आणि चारचौघं हसायची. तीही हसायची. पण साखळी बघायची ती बघायचीच. लेक रेवा साडेचार वर्षांची. तिला माडाखाली उभं करायची वेळ आली तर गौरवी आधी मान वर करून नारळांचा अंदाज घेई. द्राक्षाचे चार तुकडे झाल्याशिवाय ते पोरीच्या तोंडात जात नसे. पर्समध्ये आरसा-कंगवा असेल-नसेल, पण जखमेच्या पट्ट्या, जुलाबावरची पुडी, शिट्टी आणि वावभर सुतळी हमखास असे. सुतळी कशाला गं, असं एकदा मैत्रीण विनितानं विचारलं होतं. लागली म्हणजे कळेल, एवढंच उत्तर मिळालं.

माहेर तिचं कारापूरचं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, पेडण्याच्या उच्च माध्यमिक शाळेत प्रयोगशाळेत काम केलेलं. जे मोजून पाहिलं नाही ते आपल्याला ठाऊक नाही, ही तिथली सवय हाडात मुरलेली. लग्न होऊन केरीला आली ती नेमकी पाळणेवाल्यांच्या घरात. म्हणजे गंमतच म्हणायची.

केरीत पाळणेवाडा नावाचा वाडा सरकारी कागदात कुठे सापडायचा नाही. वाडा म्हणजे इथं घर नव्हे, गावाचा एक तुकडा. पण म्हापशाहून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला नुसतं 'पाळणेवाडा' म्हटलं तर आजही तो बरोबर सुरूच्या झाडांपाशी उतरवतो. गोवामुक्तीच्या पुढच्या वर्षी प्रज्योतच्या आजोबांनी, विठ्ठल पाळणेकारांनी, फेरीबोटीच्या धक्क्यापासून हाकेवर, वाळूत पहिला लाकडी पाळणा उभा केला. चार हात, चार पेट्या, छपराएवढा उंच, आणि फिरवायला चार धट्टेकट्टे गडी. त्याच्या शेजारी दुसऱ्या वर्षी घोड्यांचं चक्र आलं. मग बंदुकीनं फुगे फोडायचा मांडव, वाकड्या आरशांचा तंबू, पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढणारा फोटोवाला, गोटीसोडा, खाज्यांची दुकानं. दिवाळी संपली की जो गलबला सुरू होई तो शिगम्यापर्यंत. डिचोलीच्या खाणीवरचे ड्रायव्हर रविवारी बायकापोरांना ट्रकच्या हौद्यात घालून आणत. सावंतवाडीहून लोक होडीनं खाडी ओलांडून येत. आणि लग्न ठरलेल्या जोडप्याला चार शब्द बोलता यावेत म्हणून घरची मोठी माणसं आरशांच्या तंबूत मुद्दाम स्वतःच्या वाकड्या तोंडांकडे बघत रेंगाळत.

मग समुद्रानं वाळू खाल्ली, सुरूची झाडं आडवी झाली, जत्रांतून विजेचे पाळणे आले. एकेक मांडव उठत गेला. शेवटी उरला तो विठ्ठल पाळणेकारांचाच पाळणा. दहा वर्षांपूर्वी गौरवीची सासू भाग्यलक्ष्मी वारली, त्या साली सासऱ्यांनी, गोकुळदासांनी, तोही सोडवून पत्र्याच्या माळ्यावर चढवला. सासूला गौरवीनं पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत जेवढी दिसे तेवढीच.

हे सगळं पुन्हा उकरून काढलं ते विनितानं. ती गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन वर्षं तिनं घरोघरी जाऊन जुने फोटो गोळा केले. पुठ्ठ्याचं विमान एका गोठ्यात सापडलं, आत कोंबडी अंड्यांवर बसली होती. वाकड्या आरशांपैकी दोन म्हापशाच्या एका न्हाव्याकडे होते. गिऱ्हाइकाला बारीक दाखवणारा आरसा त्यानं देऊन टाकला, जाड दाखवणारा द्यायला मात्र खळखळ केली. तो बघून लोक दाढीबरोबर मालिशही करून घेतात म्हणे. जानेवारीतल्या शनिवार-रविवारी 'पाळणेवाड्याचे दोन दिवस' साजरे करायचे ठरले. फोटोंखालच्या ओळी लिहायचं काम गौरवीकडे आलं आणि तिनं ते जीव लावून केलं.

आणि अर्थात, पाळणा माळ्यावरून उतरला.

तो उतरताना बघून गौरवीनं रेवाला जवळ ओढलं. कारण पाळण्याची एक रीत होती आणि ती तिनं स्वतःच्याच हातानं फोटोखाली लिहिली होती. हंगामातली पहिली फेरी घरच्या मुलाची. पाळणेवाल्यानं आपलं मूल सगळ्या गावादेखत पेटीत बसवायचं, एकटं. ते फिरून खाली उतरलं की मगच लोकांनी आपली मुलं द्यायची. घरचं मूल बसलं नाही तर त्या साली पाळणा फिरत नाही. गोकुळदास बसले होते. प्रज्योत बसला होता. आता घरात मूल म्हणजे एकटी रेवा.

कोणी विचारलंच नाही. विचारण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलं नाही. गोकुळदासांनी पेडण्याहून नातीसाठी लाल फ्रॉक आणला, त्याला खिसे होते, आणि रेवा त्या खिशात हात घालून दिवसभर घरात मिरवली. प्रज्योतकडे तिनं विषय काढला तर तो पोई चहात बुडवत म्हणाला, "अगे मी बसललंय मां? मेलंय काय?"

"तेव्हाचा लाकूड धा वर्सां माळ्यार पडललां नव्हता," ती म्हणाली.

त्यावर त्यानं देवळाच्या घंटेची गोष्ट पुन्हा सांगितली. ऐकायला तिच्याखेरीज कोणी नव्हतं, तरी सांगितली.

यात आणखी एक गुंता होता. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्यानं हा पाळणा मागितला होता. दारात शोभेला उभा करायचा, पेट्यांतून फुलझाडं लावायची. गोकुळदासांनी त्याला सांगून ठेवलं होतं, रविवारी संध्याकाळी ये. पाळणा फिरला तर तो पाळणा आहे, मग कोणाला द्यायचा प्रश्नच नाही, वाचनालयामागे शेड बांधून ठेवू. नाही फिरला तर नुसतं लाकूड आहे. घेऊन जा.

शुक्रवारी सकाळी पाळणा सुरूंच्या सावलीत उभा राहिला. जोडणी सगुण मेस्तानं केली. सगुणचे वडील होड्या बांधायचे. सगुण म्हापशाच्या फ्लॅटांत स्वयंपाकघरातली कपाटं बसवतो. हात त्याचाही चांगला. खैराची आस, किंदळीचे हात, फणसाच्या पेट्या, आणि हे सगळं एकमेकांत धरून ठेवणाऱ्या सोळा पाचरी. खिळा एकही नाही. वरून वाचनालयाच्या मुलींनी निळा-पिवळा तेलरंग दिलेला. गोकुळदासांनी नारळ फोडला, तांब्याभर समुद्राचं पाणी आसेवर ओतून पाळण्याला आंघोळ घातली, प्रत्येक पाचरीला कुंकवाचा ठिपका लावला आणि हात जोडले. पाळणा दिसत होता असा, जणू पिसारा फुलवलेला मोर.

गौरवीनं फक्त एकच मागणी केली. आधी नारळाची पोती घालून फिरवूया. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण सूनबाईचा शब्द मोडवेना. पोती चढेपर्यंत तिनं पर्समधून रेवाचा पांढरा मेणखडू काढला आणि प्रत्येक पाचरीवरून शेजारच्या लाकडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. पाचर जागची हलली तर रेघ तुटणार, एवढाच हिशेब. वरच्या पाचरींसाठी कदेल, म्हणजे लाकडी खुर्ची, मागवावी लागली. ती कदेलीवर उभी, एक जण कदेल धरून, आणि रेवा खालून कोणता रंग वापरावा याचा सल्ला देतेय.

"गो वैनी, रांगोळी घातलंस ती बरी," सगुण म्हणाला, "पण पाळण्याचा लगीन कोणाबरोबर?"

हशा झाला. पाळणा फिरला. वीस फेऱ्या. कुरकुरला थोडा, पण झोकात फिरला, गड्यांनी शीळ घातली. थांबल्यावर गौरवी पुन्हा कदेलीवर चढली. तेरा रेघा जशाच्या तशा होत्या. तीन तुटल्या होत्या. एका पाचरीवरचा अर्धा तुकडा बोटभर पुढे सरकला होता.

लाकूड आहे, बसता बसता बसतं, असं सगुण म्हणाला. त्यानं तीन पाचरी पुन्हा ठोकल्या. तिनं पुन्हा रेघा मारल्या. पुन्हा वीस फेऱ्या. या वेळी चार तुटल्या.

आता कोणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच. मेणखडू गौरवीच्या बोटांना चिकटला होता. सासरेबुवा समोर उभे होते. गेले दोन महिने हा माणूस दहा वर्षांनी लहान झाल्यासारखा हिंडत होता, हे तिनं रोज पाहिलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "रेवा बसूची नाय."

गोकुळदासांनी पंच्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "बरां बाय. तू आवय. माका राग नाय." आणि विनिताकडे वळून, हळूच: "उद्या पाळणो नुसतो बघूक ठेव. फिरूचो नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ती भांडली असती, तीन आणि चार रेघांचा पुरावा पुढे केला असता. पण ते चपला हातात घेऊन वाळूतून घराकडे चालायला लागले आणि तिच्याकडे पुरावा असूनही पुढे करायला कोणी उरलं नाही. रेवानं विचारलं, आजो का गेला? गौरवीनं तिला उचललं आणि उगाचच वाचनालयाच्या वाटेला लागली. काम होतं, फोटो टांगायचे होते.

विनितानं फोटो मोठे करून आणले होते. भिंतीला टेकवलेल्या त्या रांगेत एक भाग्यलक्ष्मीचा होता. फोटोवाल्यानं पुठ्ठ्याच्या विमानापासून क्षणभर वेळ काढून टिपलेला, काळापांढरा. नऊवारी खोचलेली, पाळण्याच्या हातापाशी टाचा उंचावून उभी, एका हातात कुंकवाचा करंडा. खाली गौरवीनं लिहिलं होतं: 'हंगामाआधी पाळण्याची पूजा.' लहान फोटोत तेवढंच दिसत होतं. आता पाटाएवढ्या फोटोत सासूचं बोट दिसत होतं आणि बोटाखाली काय होतं तेही. ठिपका नव्हता. पाचरीवरून लाकडापर्यंत ओढलेली, सरळ, काळी दिसणारी रेघ होती. शेजारच्या पाचरीवर तशीच दुसरी. तिसरी.

गौरवीनं रेवाला खाली ठेवलं. फोटो काखोटीला मारला आणि रेवाचं बोट धरून बाहेर पडली. विनिता मागून विचारत राहिली, कुठे निघालीस म्हणून.

शेवंतीकाकी आपल्या मांडवात खाजी करत होती. शहात्तर वर्षांची बाई, चाळीस वर्षं तिचं दुकान पाळण्याला लागून होतं. भल्यामोठ्या कढईत गुळाचा पाक, त्यात तळलेल्या बेसनाच्या कांड्या, वर सुंठ आणि तीळ, आणि काकी दोन्ही हातांनी कढई हेलकावत होती. फोटो पुढे धरला तर आधी म्हणाली, तुझी सासू गो, पूजा करता. मग हात पुसून चष्मा लावला.

"पूजा कसली," काकी म्हणाली. "रेघो मारता ती. रेघ मोडली काय पाचर ढिली."

गौरवी मांडवातल्या बाकावर बसली. काकी बोलतच होती. ठिपका तुझ्या सासऱ्याचा, ती म्हणाली, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. गोकुळदास फेरीबोटीवर नोकरीला. हंगामाआधीचं सगळं बायको आणि सगुणचा बाप बघत. हा रजा टाकून यायचा तो थेट नारळ फोडायला. बायकोच्या बोटाला कुंकू दिसायचं, लाकूड ओलं दिसायचं, त्यावरून त्यानं ठरवलं की पूजा झाली आणि आंघोळ झाली.

"आंघोळ?" गौरवीनं विचारलं.

"तांब्यान घातल्यान मां आज? मी हयसून बघी होतंय. हसू येय होता." काकीनं एक गरम खाजं रेवाच्या हातात ठेवायला उचललं; गौरवीनं ते मधल्यामधे घेऊन फुंकायला सुरुवात केली. काकी तेवढा वेळ थांबली आणि मग पाळण्याची खरी आंघोळ सांगितली. हात आणि आस खाडीत दगड बांधून बुडवायचे, तीन भरत्या. माळ्यावरचं लाकूड तहानलेलं असतं. पाणी प्यायलं की फुगतं आणि पाचर अशी धरतं की घणाशिवाय निघायची नाही. होडीला करतात तेच. रंगबिंग कोणी लावत नसे, रंग लावला तर पाणी पिणार कुठून?

गौरवीनं रीतीबद्दल विचारलं. पहिली फेरी घरच्या मुलाची, ती कुणी पाडली?

"ती सासऱ्याच्या बापाशीची. पण लोकांक पाळण्याचो भरवसो थोडोच होतो," शेवंतीकाकी म्हणाली. "लोक तुझ्या सासूचा तोंड बघीत. एका वर्सा तिणा चार दीस पाळणो फिरूक दिल्यान नाय. म्हापशाची भरलेली बस तशीच परत गेली. गोकुळदास बोंबाललो, सगुणाचो बापूस बोंबाललो. ही थयच बसली, करंडो मांडयेर घेवन. पाचव्या दिसा प्रज्योताक बसयल्यान, आणि मगे बघ, शिगम्यापर्यंत माका खाजी पुरवूक जाली नाय."

रेवानं तोवर फुंकलेलं खाजं संपवलं होतं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला होता. गौरवीला वाटलं, धावत जाऊन कोणाला तरी हे सांगावं. मग लक्षात आलं, कोणाला सांगायचं ते तिला अगदी नक्की ठाऊक आहे.

गोकुळदास सोप्यावर बसले होते. पुढ्यातला चहा निवून त्यावर साय आली होती. गौरवीनं फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला, बोटानं रेघा दाखवल्या आणि काकीनं सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. तीन भरत्या, तहानलेलं लाकूड, चार दिवस. म्हातारा फोटोकडे बघत राहिला. एकदा त्यानं रेघेवरून अंगठा फिरवला, पुसते का बघावं तसा.

"तांब्यान आंघोळ घातलंय मी," ते म्हणाले. "तांब्यान गो."

त्यांचे खांदे हलायला लागले. गौरवी घाबरून खाली वाकली, तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. "ती आसती तर," ते कसेबसे म्हणाले, "माकाच दगड बांधून खाडयेत सोडल्यान आसती. तीन भरत्यो."

प्रज्योत आतून विचारायला आला की काय झालं. त्याला फोटो दाखवला. तो बराच वेळ आईच्या बोटाकडे बघत उभा राहिला. मग गौरवीच्या पांढऱ्या, मेणखडूनं माखलेल्या बोटांकडे. घंटेची गोष्ट त्यानं त्यानंतर कोणाला सांगितली नाही. निदान तो आठवडाभर तरी.

अडचण फक्त एकट्या विनिताची होती. पत्रिका छापलेल्या, शनिवारी दहा वाजता पाळण्याचं उद्घाटन असं त्यात ठळक लिहिलेलं, आणि गौरवी म्हणत होती पाळणा सोडवायचा. तीन भरत्या म्हणजे शनिवार दुपारची, रात्रीची आणि रविवार दुपारची. फिरायचा झाला तर रविवारी संध्याकाळी. विनिता कपाळाला हात लावून बसली.

"आंघोळच दाखवूया," गौरवी म्हणाली. "एवडे फोटो टांगल्यात, त्यात आंघोळीचो एक पण नाय."

विनितानं हात कपाळावरून काढला. अर्ध्या तासात बसथांब्यावर नवी पाटी लागली: सकाळी दहा वाजता, पाळण्याची आंघोळ. येताना अंग पुसायला काहीतरी आणावे.

आणि माणसं आली. एवढी येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. सगुण मेस्तानं सकाळीच सांध्यांवरचा रंग खरवडून काढला होता. त्याचं तोंड उतरलेलं होतं. बापाचं काम आपण विसरलो हे त्याला लागलं होतं. पण पाळण्याचा पहिला हात सुटून वाळूवर आला तेव्हा गर्दीतून एक पंचाहत्तरीचा माणूस पुढे झाला, ह्या हाताला मी नऊ हंगाम फिरवलंय म्हणाला आणि त्याचं एक टोक खांद्यावर घेतलं. दुसऱ्या टोकाला त्याचा नातू लागला. मग कोणाला थांबवता येईना. एकेका लाकडाखाली आठ-आठ, दहा-दहा खांदे. आस तर वरातीसारखी गेली, पुढे शाळेचा ढोल, मागे खाज्याची टोपली घेतलेली शेवंतीकाकी. प्रमुख पाहुण्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भाषणाचा कागद बायकोकडे देऊन पाण्यात उतरले.

खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लोक लाकडांना दगड बांधत होते आणि बोलत होते. विनिता टेपरेकॉर्डर डोक्यावर धरून पाण्यातच फिरत होती, कारण दोन वर्षं चहा पाजून जे म्हाताऱ्यांनी सांगितलं नव्हतं ते आता पाय भिजल्यावर आठवत होतं. घोड्यांच्या चक्रातला आंधळा घोडा. फुगे फोडण्यात कायम जिंकणारी डिचोलीची मास्तरीण. आरशांच्या तंबूत ठरलेली आणि तिथेच मोडलेली लग्नं. रेवा आजोच्या खांद्यावर बसून पाण्यात गेली. गौरवीनं तिला जाऊ दिलं. काठावर ती शिट्टी हातात घेऊन उभी होती हे खरं, पण वाजवली नाही.

राहिलेला शनिवार विमानानं आणि आरशांनी खाल्ला. विमानात फोटो काढायला रांग फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत गेली.

रविवारी चार वाजता पाळणा पुन्हा उभा राहिला. निळा-पिवळा रंग जागोजागी गेलेला, लाकूड ओलं, काळपट, शेवाळाचा वास. सगुणनं पाचर ठोकली तेव्हा आवाजच वेगळा आला. कालपरवा खटखट वाजत होतं, आज एकच जाड ठोका आणि मग मुकं. गोकुळदास घरातून करंडा घेऊन आले आणि काही न बोलता तो त्यांनी सुनेच्या हातात दिला.

गौरवीनं सोळा रेघा मारल्या. कुंकवाच्या, ओल्या लाकडावर ठसठशीत. पोती चढली, वीस फेऱ्या झाल्या. सगळी वाळू माणसांनी भरलेली. रिसॉर्टवाला आपल्या दोन मुलांसह पुढच्याच रांगेत खुर्चीवर होता. कदेल आणली गेली. या वेळी ती सगुणनं स्वतः धरली.

पंधरा रेघा शाबूत होत्या. सोळावी केसभर तुटली होती.

केसभर. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती. गौरवीला स्वतःचाच राग आला, आपण ती पाहिलीच का म्हणून. खाली लाल फ्रॉक घातलेली रेवा, तिच्या मागे शे-दोनशे पोरं, त्यांच्या मागे त्यांच्या आया. तिनं मान हलवली. नाही.

गर्दीतून सुस्कारा आला. मागून कोणीतरी म्हणालं, "वैनी, शिगमो येतलो आता." थोडं हसू पसरलं. पण पुढे बसलेली एक म्हातारी मागे न बघताच म्हणाली, गप बस रे, हिच्या सासूनं आम्हाला चार दिवस थांबवलेलं, आणि लोक वाळूत पाय पसरून आणखी ऐसपैस बसले. सगुणनं ती पाचर काढून फेकली. नवी तासायला पाव तास लागला. तेवढ्यात खाज्याची अख्खी कढई खपली.

पुन्हा रेघ. पुन्हा वीस फेऱ्या. गौरवी चढली आणि सगळ्या सोळा पाचरी बघून उतरली. मग परत चढली आणि पुन्हा बघितल्या. उतरून तिनं रेवाला उचललं, पेटीत ठेवलं, कडी लावली, कडीत सुतळीच्या दोन गाठी मारल्या आणि मागे सरकली.

"फिरवा," ती म्हणाली.

चार गड्यांनी हात धरले. पेटी उठली. लाल फ्रॉक गौरवीच्या डोक्यावरून गेला, सुरूच्या फांद्यांपर्यंत चढला. लोकांचा ओरडा तिला कुठूनतरी लांबून ऐकू येत होता. ती पाचरी बघत होती. एक, दोन, पाच, नऊ, फिरत्या लाकडावरच्या लाल रेघा, एकेक डोळ्यासमोरून जाई आणि ती श्वास सोडी. सोळावी गेली. पेटी खाली आली आणि थांबली.

गोकुळदास नातीची कडी सोडायला पुढे झाले. प्रज्योत धावत गौरवीकडे आला. त्याचा आवाज बसलेला होता. "वर गेल्यार तिचा तोंड बघितलंस? कसा हसली ती?"

गौरवीनं ते पाहिलंच नव्हतं.

"बाबा, गाठ सोडू नका," ती म्हणाली. "आणखी एक फेरी."

पाळणा पुन्हा उचलला. या वेळी तिनं पाचरींकडे पाठ फिरवल्यासारखी मान वर केली आणि फक्त पोरीकडे बघितलं. रेवा टोकाला पोचली. मागे तेरेखोलचा किल्ला, खाली खाडी, अर्ध्या वाटेवर फेरीबोट. पोरीनं एका हातानं पेटीची कड घट्ट धरलेली, दुसरा खिशात, आणि तोंड उघडं. हसताना तिच्या गालाला खळी पडते हे गौरवीला ठाऊक होतं. वाऱ्यात केस मागे गेले की कपाळ अगदी गोकुळदासांसारखं दिसतं, हे आजच कळलं.

"आई," वरून रेवा ओरडली, "बोटीतले लोक माका टाटा करतत."

खाली पोरांची रांग तयार झाली होती. रिसॉर्टवाल्याची दोन्ही मुलं तिसऱ्या-चौथ्या नंबरावर होती, आणि त्यांचा बाप मागून गोकुळदासांना विचारत होता, मोठ्या माणसांना बसता येतं का. गोकुळदासांनी सुनेकडे बोट दाखवलं, तिला विचारा. गौरवीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, दोन पोती नारळांच्या मानानं अंदाज घेतला, आणि करंडा उचलून पुन्हा कदेलीकडे निघाली.